दोन बिल्ले

पहिली पंगत टेबलाकडं निघाली आणि गॅविन टुडहोपनं सगळे घालतात तसा बंडीच्या खिशात हात घातला, तर बोटांना दोन बिल्ले लागले. दोन आहेत हे त्याला माहीत होतं. काल संध्याकाळपासून दुसरं काही माहीतच नव्हतं म्हणा ना. माहीत नव्हतं ते एवढंच, की यातला आपला कुठला आणि तिचा कुठला. सकाळी कोट चढवताना तिचा बिल्ला रुमालातून काढून त्यानं खिशात टाकला होता आणि त्या खिशात आपला आधीच पडलेला आहे हे ध्यानात राहिलं नव्हतं. आता अंगठ्याच्या नखानं तो दोघांच्या कडा चाचपत होता. दोन्ही शिशाचे, दोन्ही चौकोनी, नखाएवढे. एका अंगाला देवळाच्या मंडळीच्या नावाची अक्षरं, दुसऱ्या अंगाला साल, अठराशे सव्वीस. जुने बिल्ले झिजून अक्षरं पुसली होती म्हणून यंदाच्या शरदात मंडळीनं सगळे नवे ओतून घेतले होते. काल दुपारी ते पहिल्यांदा वाटले. कोपरे अजून बोचत होते. माणसाच्या हातात राहून गुळगुळीत व्हायला त्यांना दिवसच कुठं मिळाला होता?

आपला कुठला हे कळून तरी काय करायचं होतं, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं. टेबलाच्या तोंडाशी प्रिंगल हात पसरून उभे होते. मंडळीचा कारभार पाहणारे पंच असतात, त्यांना वडील म्हणतात, त्यांच्यापैकी तेच थोरले. धंद्यानं मेणबत्तीवाले, आणि बोटं कायम चरबीनं चकाकणारी. जो येईल त्यानं त्यांच्या तळव्यावर बिल्ला ठेवायचा आणि प्रभूच्या भोजनाला, भाकरी आणि द्राक्षारसाला, बसायचं. बिल्ला नाही तर बसणं नाही. शनिवारी वडील एकेकाला समोर उभं करून प्रश्न विचारतात, चालचलणूक पाहतात, मग बिल्ला देतात. एकाला एक. कुठलाही दिला असता तरी प्रिंगलांना फरक कळणार नव्हता. पण आपण चुकून तिच्या जागेवर जाऊन बसलो तर, असं काहीतरी गॅविनच्या डोक्यात आलं, आणि आलं ते तिथंच बसून राहिलं. लहानपणी मासळीचा काटा घशात अडकला होता. आई म्हणायची, कोरडी भाकरी गीळ म्हणजे जाईल. भाकरी गेली होती, काटा राहिला होता.

लॉरी बीटननं स्तोत्राची ओळ सांगितली. लॉरी आठवडाभर जोड्यांना टाचा मारतो आणि रविवारी सगळ्या मंडळीचा गळा होतो. तो एक ओळ सरळ सांगतो, आणि मग साडेतीनशे माणसं ती उचलतात, खेचतात, वळवतात. कुणी पुढं, कुणी मागं, म्हाताऱ्या बाया आपापली नक्षी लावतात, आणि सगळं मिळून समुद्र किनाऱ्यावर चढावा तसं काही वर येत जातं. दुसऱ्या मोठ्या देवळांत आता चार सुरांत घोटलेलं, नीटनेटकं गातात म्हणे. गॅविन एकदा ऐकून आला होता. छान होतं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही. त्याला हे हवं असायचं. आठवडाभर तळघरात, व्हिनेगर आणि फडकी आणि त्या वासात काढायचा, आणि रविवारी लॉरीच्या ओळीमागं झील धरायची. आपला जाडाभरडा आवाज इतरांच्या आवाजात मिसळला की तो आपला राहत नाही, त्याचं काहीतरी चांगलं होतं, अशी त्याची श्रद्धा होती. बेथियाला, बायकोला, तो म्हणायचा, देवाला मी एकटा ऐकू येत नाही हे बरं आहे. आज त्यानं तोंड उघडलं आणि ओळ बाहेर पडली नाही. आसपास सगळे गात होते. शेजारच्या स्पेन्समावशींनी मान न वळवता डोळा तेवढा वळवला. काल याच मावशी बाकावर सरकत म्हणाल्या होत्या, गॅविन, तुझ्या कपड्यांना आंबूस वास येतो रे, लोणच्याच्या बरणीत निजतोस काय तू? आणि तोही हसला होता. काल दुपारपर्यंत तो हसत होता.

काल दुपारी रांगेत ती त्याच्या पुढं होती. तोंड दिसलं नव्हतं. दिसली ती पाठ, करडी शाल, आणि पांढऱ्या टोपीखालून निघालेली एक जाड वेणी, साठीच्या बाईला शोभू नये एवढी. मानेवर उन्हानं रापलेली सुरकुत्यांची जाळी. ती खाडीपलीकडच्या फाइफच्या किनाऱ्यावरून आली होती. तिथल्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, चिठ्ठी तिनं प्रिंगलांना दिली. प्रिंगलांनी मोठ्यानं नाव वाचलं, ग्रिझेल कॉर्बेट. मुलगा देवमाशांच्या शिकारीवर गेलाय, जहाज लीथच्या बंदराला लागायचंय, तोवर शहरात आहे, असं ती सांगत होती. प्रिंगलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की टेबलाशी कोणत्या हक्कानं येतेस. लोक इथं पाठ केलेलं उत्तर देतात, गॅविननं स्वतः दिलं. ती म्हणाली, "हक्क कसला? भूक लागलीय म्हणून येते." प्रिंगलांच्या दाढीत हसू हललं. त्यांनी बिल्ला दिला आणि उतरायची सोय कुठं आहे ते विचारलं. गवतमंडईच्या मागल्या गल्लीत, ती म्हणाली, रेनी म्हणून कुणी आहे त्याच्याकडं. फार मायाळू माणसं. ओळख ना पाळख, मला चुलीजवळची खाट दिली. मग तिनं असं केलं की गॅविनला गंमत वाटली. टोपी जरा वर सारली, वेणीचं मूळ सैल केलं, बिल्ला आत खुपसला आणि निळ्या लोकरीच्या दोऱ्यानं करकचून बांधला. त्याची आजी तसं करायची. किनाऱ्यावरच्या बाया मासळी साफ करायला बसतात तेव्हा खिसा नको, कनवटीही नको, सगळं खाऱ्या पाण्यानं भिजतं. मोलाची वस्तू केसांत. शहरातल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. रेनीला नव्हतं.

दुसरी पंगत उठली, पहिली परतली. बाकांमधल्या वाटेत गर्दी झाली, कुणाच्या बुटानं गॅविनच्या पायावर पाय दिला आणि दिलगिरीही पुटपुटली. भोजनाआधी पाळक टेबलाभोवती कुंपण घालतात, म्हणजे कुणी कुणी येऊ नये त्याची यादी सांगतात. आज सकाळी त्यांनी ती सांगितली तेव्हा गॅविन एकेका नावाला श्वास धरून थांबला होता. दारुडे येऊ नका. खोटं माप देणारे येऊ नका. शब्बाथ म्हणजे रविवारचा विसावा मोडणारे, शेजाऱ्याच्या बायकोकडं पाहणारे, आईबापांना टाकणारे येऊ नका. त्याला वाटत होतं, आता आपलं येईल, आता येईल, आणि एकदा आलं की सुटलो, बाकावर बसून राहायचं, लोक पाहतील तर पाहोत. पण यादी संपली. ज्यानं विचारलं नाही त्याचं नाव तीत नव्हतं. कुंपणाला त्याच्यापुरती फट राहिली होती, आणि त्या फटीतून आत जायलाही भीती वाटत होती आणि बाहेर राहायलाही.

विचारलं कधी होतं त्यानं? डॉक्टर हॅलिबर्टन यांच्या शवविच्छेदनाच्या शाळेत तो सहा वर्षं दारवान होता. शरीर शिकायचं तर शरीर हवं, कायदा देतो ती फक्त फाशी गेलेल्यांची, आणि फाशी जाणारे वर्षाला दोन-तीन. मग रात्री कबरी उकरणारे लोक असतात, पोतं घेऊन येतात, हे शहरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. गॅविनचं काम ते धुणं. कफन कबरीतच टाकून येतात ते लोक, कारण कपडा चोरला तर चोरी, मेलेलं माणूस कायद्यानं कुणाचंच नसतं. पण माती सगळीकडं असायची. नखांत, कानात, आणि केसांत तर अशी बसायची की तास तास विंचरावं लागे. तो विंचरायचाच. डॉक्टरांना त्याची गरज नव्हती, ते तर डोकं भादरूनच घेत. पण माती डोक्यात घेऊन कुणी टेबलावर जाऊ नये असं त्याला वाटायचं. विंचरताना हळू आवाजात स्तोत्रही म्हणायचा. ऑगस्टपासून रेनी यायला लागला. पहिल्यांदा एक म्हातारा आणला, मग ऑक्टोबरात एक आंधळी मुलगी. दोघंही स्वच्छ. नखांत काही नाही, केसांत काही नाही. कुणी पुरलंच नाही त्यांना, घरात मेली, वारस नाही, म्हणून तशीच आणली, असं रेनी म्हणाला होता. आणि गॅविनला बरं वाटलं होतं. आता ते आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. काम हलकं झालं म्हणून त्या रात्री त्यानं जेवणाआधी देवाचे आभार मानले होते. मोठ्यानं. बेथियानं आमेन म्हटलं होतं.

काल संध्याकाळी पाचला, दिवे लागताना, रेनी आणि त्याचा जोडीदार चहाची पेटी घेऊन आले. रेनी चांगला बोलका माणूस. बेथियाच्या खोकल्याची चौकशी केल्याशिवाय राहत नाही. म्हणाला, बाई आहे, म्हातारी, परवा गुरुवारी छातीच्या दुखण्यानं गेली, मागं रडायला कुणी नाही. गॅविननं नेहमीसारखं एक टोक धरलं. दगडी फरशीवर तिला निजवलं, ओल्या फडक्यानं पुसलं. चेहरा ओळखीचा नव्हता. ओठ जरासे काळसर, बाकी कुठं ओरखडा नाही. माती नव्हती. तरीसुद्धा हात सवयीनं कंगव्याकडं गेला, त्यानं तिची वेणी उलगडायला घेतली, तर निळा दोरा आला. दोरा त्यानं पाहिला आणि बोटं आपली पुढं चालतच राहिली, गाठ सुटली, आणि फरशीवर टिक् असा आवाज झाला. एवढाच आवाज. भिंतीवरच्या घड्याळाचा वाटावा असा. तो वाकला. बिल्ला उताणा पडला होता, साल वर. त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या खिशात, छातीजवळ, तसाच एक होता. दुपारी बाराला जी त्याच्या पुढं उभी होती ती गुरुवारी मेली होती, असं आता त्यानं मानायचं होतं. तिची मान त्यानं उचलून पाहिली. ती जाळी तिथंच होती.

तो वर गेला होता. गेला नव्हता असं नाही, हे त्यानं कालपासून स्वतःला शंभरदा सांगितलं. डॉक्टर लिहीत बसले होते. त्यानं सगळं सांगितलं, म्हणजे बरंचसं सांगितलं, की तिच्या केसांत आमच्या मंडळीचा बिल्ला निघाला आणि बिल्ले तर आज वाटले. डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. थकलेला, दयाळू माणूस. दोन हिवाळ्यांपूर्वी बेथिया रक्त ओकत होती तेव्हा याच माणसानं तिच्या उशाशी तीन रात्री काढल्या होत्या, आणि शाळेच्या शेगडीचं धुराडं मागून जातं त्या उबदार दोन खोल्या त्यांना राहायला दिल्या होत्या. त्या उबेवर ती जगते आहे. ते म्हणाले, "गॅविन, असले बिल्ले लोकांकडं वर्षानुवर्षं पडून असतात. मागल्या खेपेला भोजनाला गेली नसेल, राहिला असेल तिच्याजवळ." बोलणं सरळ होतं. त्याला उत्तर एकच होतं, चार शब्दांचं, की यंदाचे बिल्ले नवे आहेत. ते चार शब्द गॅविनच्या जिभेवर होते. डॉक्टर त्याच्याकडं पाहत होते, आणि त्याला वाटलं, यांनाही ते ऐकायचे नाहीत. शत्रूसारखं नव्हे, आजारी माणूस वैद्याकडं पाहतो तसं ते पाहत होते. मग डॉक्टर म्हणाले, बेथियाला रात्री घाम येतो का अजून? आणि कपाटातून बाटली काढून त्यांनी पुढं केली. गॅविननं ती घेतली. बाटली हातात आली तशी जीभ मागं गेली. दाराशी पोचल्यावर मागून डॉक्टर म्हणाले, सोमवारी नऊला मान आणि चेहरा कापायला घेणार आहे, टेबल खिडकीजवळ ओढून ठेव.

घरी बेथियानं जवाचं सूप वाढलं. तो चमचा फिरवत बसला. ती म्हणाली, "तोंड शिवलंय का कुणी तुझं?" मग स्वतःच, भोजनाच्या आदल्या दिवशी माणसानं गप्प राहणं बरंच, असं म्हणून तिनं त्याला मोकळं केलं. बाटलीतलं औषध त्यानं चमच्यानं तिला पाजलं. आज ती आली नव्हती. पायऱ्या चढवत नाहीत. माझ्या वाटचं तू गा, ती म्हणाली होती.

तिसरी पंगत. टेबलावरची पांढरी चादर आता कुठं कुठं चुरगळली होती. एकदा मान आणि चेहरा घेतला की ती ग्रिझेल कॉर्बेट होती असं सांगायला काही उरत नाही, हे गॅविनइतकं या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज दिवसभर ती होती. ओल्या चादरीखाली, तळघरात, त्याच्या बिछान्याच्या बरोबर खाली. आज प्रिंगल येऊन म्हणू शकले असते, हो, हीच, हिला मी काल प्रश्न विचारला. उद्या नऊनंतर रेनी म्हणेल ते खरं. आणि आज बोललं तर? शाळा बंद. खोल्या गेल्या. गल्लीत, नोव्हेंबरच्या धुक्यात, बेथियाचे किती दिवस? पंधरा? आणि न्यायाधीश विचारतीलच, ऑगस्टात पेटीचं टोक कुणी धरलं, ऑक्टोबरात कुणी धरलं. रेनीच्या शेजारी एक दोर आणखी लागेल. मन म्हणे, तू मारलं का कुणाला? आणि तेच मन दुसऱ्या दमात म्हणे, त्या आंधळ्या मुलीच्या केसांना साबणाचा ताजा वास होता, आदल्या दिवशी न्हालेली होती ती, मेलेल्या आजारी पोरीला कोण न्हाऊ घालतं? हे तुला तेव्हाच कळलं होतं. कळलं आणि तू कंगवा पुसून ठेवलास. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा तो दोन पात्यांमध्ये बसला होता, आणि अडकित्ता दाबणारा हातही, नीट पाहिलं तर, त्याचाच होता. बाहेर वारा होता. उंच खिडकीतून दिसणारं आकाश फडक्यासारखं. त्याला वाटलं, आपण न जाता बसून राहावं, आजारी पडलो म्हणावं. पण बिल्ला घेऊन टेबलाशी न गेलेल्या माणसाकडं सोमवारी वडील घरी येतात. आणि घराखाली ती.

शेवटच्या पंगतीला लॉरीनं ओळ सांगितली आणि स्पेन्समावशी काठी टेकत उठल्या. त्यांना वाट द्यायला तो उठला, आणि उठला तसा लोकांच्या रेट्यात पुढं निघाला. पाय चालले म्हणून तो चालला. प्रिंगलांच्या तळव्यावर त्यानं खिशातून हाताला येईल तो बिल्ला ठेवला. प्रिंगलांनी मान हलवली, डोळ्यांनी ओळख दिली, बस म्हणून खुणावलं. इतकं सोपं होतं ते. बाकावर तो मधोमध आला, एका अंगाला मावशी, दुसऱ्या अंगाला एक धिप्पाड पाथरवट, पुढं टेबल, मागं भिंत. माणसं अशी दाटीनं बसली होती की कोपरं पोटाशी घ्यावी लागली. पाळकांनी भाकरी मोडली, ताटली निघाली, एका हातातून दुसऱ्या हातात. प्रत्येक जण तुकडा मोडतो आणि पुढं देतो. मावशींनी घेतला, ताटली त्याच्या हातात दिली. अयोग्य रीतीनं जो खातो तो आपलाच न्याय खातो, म्हणजे स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या क्षणी त्याला न्यायाची भीती वाटली नाही. त्याला त्या बाईचं म्हणणं आठवलं, भूक लागलीय म्हणून. ती भुकेलीच गेली होती. तिच्या वाटचा तुकडा याच ताटलीत कुठंतरी होता, आणि त्यानं मोडला असता तर तो कुणाचा निघाला असता ते सांगता येत नव्हतं.

त्यानं मोडला नाही. पुढंही दिली नाही. ताटली दोन्ही हातांनी धरून तो बसून राहिला. पाथरवटाचा हात हवेत थांबला. गाणारे गात होते. टेबलावरचे मात्र एकेक करून गप्प झाले, ते गप्प झाले म्हणून बाकांवरचे, आणि स्तोत्र ओळीच्या मध्येच सांडून गेलं. मावशी कुजबुजल्या, घे की रे, पुढं दे. प्रिंगल टेबलाच्या पलीकडून आले, त्याच्या समोर वाकले. त्यांच्या श्वासाला मेणाचा वास होता.

गॅविननं एक हात सोडवला, खिशातून दुसरा बिल्ला काढला आणि चादरीवर ठेवला.

"हा तुम्ही काल दुपारी ग्रिझेल कॉर्बेटला दिलात," तो म्हणाला.

प्रिंगलांनी बिल्ल्याकडं पाहिलं, मग बाकांवरून नजर फिरवली, जणू ती कुठंतरी बसली असेल. ती आली नाही, ते हळू म्हणाले, मला वाटलं जहाज लागलं असेल. तुला कुठं मिळाला?

"तिच्या केसांत. काल पाचला रेनीनं तिला आमच्या शाळेत विकलं. गुरुवारी मेली म्हणून." आवाज त्याचा नेहमीचाच होता, जाडाभरडा. फक्त आता तो कुणाच्याच आवाजात मिसळत नव्हता, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. "उद्या नऊला तिला कापतील. आज तिचा चेहरा आहे. तुम्ही पाहिला तर ओळखाल."

कुणा बाईनं लहान मुलासारखा हुंदका दिला. पाळक हातात पेला घेऊन तसेच उभे होते. प्रिंगल बोलले ते वडिलांच्या आवाजात नाही, मेणबत्तीवाल्याच्या आवाजात बोलले.

"तुला हे कसं माहीत, गॅविन?"

"दार मी उघडतो," तो म्हणाला. "याच्या आधीची दोघंही मीच आत घेतली. एक म्हातारा. एक आंधळी मुलगी. तिचं नाव मी विचारलं नाही."

प्रिंगलांनी बिल्ला उचलून मुठीत धरला. डोक्यावर घालायची टोपी आतल्या खोलीत राहिली होती, ती कुणालातरी आणायला सांगितली. शब्बाथ आहे, असं मागून कुणी म्हणालं. प्रिंगल गॅविनला म्हणाले, ऊठ, चल.

पण उठणार कसा? बाक भिंतीला लागून होता आणि माणसं खच्चून बसलेली. त्याला बाहेर काढायचं तर अर्धा बाक उठवायला हवा होता. टोकाकडून माणसं उठायला लागली. कुणी त्याच्याकडं पाहत होतं, कुणी मुद्दाम पाहत नव्हतं, एकीनं झगा असा आवळून घेतला की त्याला लागू नये. स्पेन्समावशींना दोघांनी धरून उठवावं लागलं. त्या उभ्या राहिल्या, काठी सावरली, आणि वाट सोडून बाजूला झाल्या. गॅविन निघाला तर ताटली अजून त्याच्या हातातच. ती चादरीवर ठेवावी की कुणाला द्यावी ते त्याला सुचेना, सभागृहातल्या साडेतीनशे माणसांत ती कुणी घेईल असं वाटेना, आणि तो तसाच, प्रभूची भाकरी छातीशी धरून, उभा राहिला. तेव्हा मावशींनी काठी काखेत मारली आणि दोन्ही हात पुढं केले.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "तू जा."